घडी मोडून परत पाठव

आदर्श नगर, जयपूर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी सुखरूप पोचले. गाडीला चार तास उशीर झाला, पण तू दिलेल्या दशम्या आणि चटणीवर दोन दिवस निभावलं. परीक्षित स्टेशनवर आला होता. इथे थंडी सुरू झाली आहे.

निघताना मी काही बोलले नाही, कारण स्वप्नील आणि तुझी सून दारात उभे होते आणि थोरल्या बहिणीला तिच्या मुलासुनेदेखत बोलू नये एवढं वळण मला आहे. आता मात्र बोलणार आहे. त्या दिवशी तू देवळात गेलीस तेव्हा चादर हवी म्हणून मी तुझी ट्रंक उघडली. त्यात मी पाठवलेल्या सात रजया निघाल्या. सातही. पहिली तर परीक्षित शाळेत होता तेव्हाची, तिची सुतळीसुद्धा सुटलेली नाही. छापाच्या चादरी, टेबलक्लॉथ, निळ्या मातीचे सहा कप, सगळं कागदात गुंडाळून, वर डांबरगोळ्या. आणि तू पलंगावर आईच्या हातची विरलेली वाकळ पांघरून कुडकुडत होतीस.

मी विचारलं तर म्हणालीस, प्रसंगाला होतील. ताई, कसला प्रसंग? दाजी गेले, मुलांची लग्नं झाली, नातवंडांना आपल्या रजया नकोत. तुझ्या माझ्या वाट्याला आता एकच प्रसंग उरला आहे आणि त्याला रजई लागत नाही.

मी उधळी आहे असं समजू नकोस. विम्याच्या ऑफिसात छत्तीस वर्षं काढली, पैशाची किंमत मला कळते. इथे माझ्या घरात दुसरं टोक आहे. तनयाने कॉफीचं यंत्र घेतलं आहे, ते गिरणीसारखं ओरडतं आणि शेवटी देतं काय, तर औषधाच्या झाकणाएवढी कडू कॉफी. राजा पार्कच्या बाजारात एक फेरी मारली की सूनबाईंच्या हातात चार पिशव्या येतात, त्यातल्या दोन आठवड्यात कचऱ्यात जातात. तुम्हा दोघींच्या मध्ये मी उभी आहे. एक ट्रंक भरते, दुसरी बादली. मी दोघींनाही बोलते, कारण दुसरं कोणी बोलत नाही.

तर आता स्पष्ट सांगते. पाठवलेलं वापरल्याचं कळेपर्यंत माझ्याकडून तुला एक रुमालसुद्धा येणार नाही. आणि तुझ्या त्या ट्रंकेतलं काही काढून मला पाठवू नकोस, मला तो वास सोसत नाही.

स्वप्नीलला आशीर्वाद. लोभ आहेच, तो तरी ठेवणीत न टाकता रोजच्या वापरात असावा.

तुझी,
इंदू

ता. क. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून हे सगळं लिहावं लागतं. मुलानं एवढं चांगलं कानाचं यंत्र आणून दिलं, ते बॅटरी संपेल म्हणून डबीत ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.


कोल्हापूर
दि. ९ जानेवारी २०२५

चि. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा राग आला, तिसऱ्यांदा हसू आलं. बाबांनी तुला कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा आई म्हणाली होती की पोरीची जीभ तिथे मऊ होईल. कुठली होतेय गं. मी आपली नगरपालिकेच्या शाळेतली, मला एवढं सणसणीत लिहिता येत नाही.

तुझ्या पत्रानंतर एक रजई काढली. हिरवी, बारीक फुलांची. पहिल्या रात्री झोप लागली नाही, मळेल म्हणून अंग चोरून पडले होते. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री अशी झोपले की आठ वाजले तरी उठले नाही, आणि सूनबाई कपाळाला हात लावून ताप बघून गेली. कानाचं यंत्र रविवारी घालते. रविवारी घरात सगळे असतात, ऐकण्यासारखं थोडं काहीतरी असतं.

आता खरी बातमी. मंगळवारी मी एकटी महाद्वार रोडला गेले आणि साडी घेतली. दुकानातला मुलगा विचारत होता, आजी, कुणासाठी? मी म्हटलं, मला. मग त्यानं राखाडी आणि चंदनी रंगाचे ढीग काढले. मी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. गढवाल आहे, डाळिंबी रंग, काठ हिरवा. प्रसंग काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. इंदू, हे दोन शब्द म्हणताना मला फार मजा वाटली. जन्मभर मी मळखाऊ रंग घेतले. लग्नातसुद्धा पुढे वापरता येईल म्हणून करडी. किंमत सांगत नाही. स्वप्नील म्हणेल एवढी का, आणि तू म्हणशील एवढीच का.

घरी अजून कोणाला दाखवलेली नाही. आईचा नेम तुला आठवत असेल. माझ्या प्रत्येक नव्या कपड्याची घडी तूच मोडायचीस. तो नेम मला सोडवत नाही, म्हणून साडी या पत्रासोबत पाठवते आहे. नेहमीप्रमाणे तू घडी मोड आणि परत पाठव. घडी मोडल्याशिवाय पाठवू नकोस. आली की मी एखाद्या साध्या गुरुवारी नेसणार आहे. सणाची वाट बघणार नाही, मग तर झालं?

ट्रंकेतली नाही, दुकानातली आहे. वास घेऊन बघ.

परीक्षित आणि तनयाला आशीर्वाद. अशीच बोलत राहा, माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई


आदर्श नगर, जयपूर
दि. २४ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जानेवारीपासून तुझं अक्षर नाही. मी रागावून लिहिलं होतं हे खरं, पण तू काही लाजाळूचं झाड नाहीस. आजवर माझी किती पत्रं पचवलीस.

आधी माझी हकिगत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीत डाव्या. तुला मुद्दाम कळवलं नाही, तू उपास धरत बसली असतीस. दोन महिने वाचायचं नाही, वाकायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही. मी किती चांगली रुग्ण असेन ते तू ओळखतेसच. तनया दिवसातून सहा वेळा थेंब घालायची. हात हलका आहे तिचा. कबूल करायला जड जातं, पण तिच्या त्या यंत्राची कॉफी दूध घालून मागवायला लागले आहे.

आता इतकं स्वच्छ दिसतं की आरशात बघून मी डॉक्टरांवर चिडले.

तुझी ती साडी तुझ्या सांगण्याप्रमाणे लगेच परत पाठवली होती, मिळाली असेल. पोच तरी द्यायची. कसली होती? फॉल लावायला पाठवली होतीस की काय? कोल्हापुरात फॉल लावणारे संपले का?

इथे परवा शीतलाष्टमी झाली. शेजारच्या द्वारकाबाईंनी आदल्या दिवशीचं थंड जेवण पाठवलं, राबडी आणि पुऱ्या. तुझंच नाव आहे बाईंचं, म्हणून हाक मारताना तुझी आठवण येते. दोन ओळी लिही. आठवण काढणारीला ताटकळत ठेवू नये.

तुझी,
इंदू


कोल्हापूर
दि. २ एप्रिल २०२५

चि. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळे बरे झाले हे वाचून बरं वाटलं. आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं.

साडी मिळाली होती. जानेवारीच्या सत्तावीस तारखेला आली. दुकानातला कागद आत तसाच होता, घडीही तशीच. वर मलमलची नवी पिशवी घातली होतीस. मी बराच वेळ पलंगावर घेऊन बसले. तू नोव्हेंबरात लिहिलं होतंस की तुझ्याकडचं मला काही नको, तेव्हा मला वाटलं, शब्दाची पक्की आहे. या वयात डाळिंबी म्हणजे जरा जास्तच, असंही तुला वाटलं असेल, पण लिहायचं टाळलंस, असं मी धरून चालले.

पुढच्या शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरली, त्यात देऊन टाकली.

माझ्या सांगण्याप्रमाणे परत पाठवली असं तू लिहितेस. मी काय सांगितलं होतं, ते पत्र जवळ असेल तर एकदा वाचून बघ.

इकडे उन्हाळा लागला. सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
ताई


आदर्श नगर, जयपूर
दि. १० एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. जानेवारीतलं पत्र तनयाच्या खणातून काढून आज पहिल्यांदा वाचलं.

ताई, काय झालं ते ऐक. पार्सल आलं त्या दिवशी माझ्या डोळ्यावर पट्टी होती. पत्र तनयाने उघडलं. तिचे आईवडील सोलापूरचे, पण ही जन्मली वाढली राजा पार्कात, मराठी वाचते ती हिंदीच्या वाटेनं. कपड्याची घडी तिला माहीत आहे, घरात आपण म्हणतोच. पण मोड म्हणजे तिच्या लेखी हिंदीतलं मोड़ना, म्हणजे दुमडणं. तू लिहिलंस घडी मोड आणि परत पाठव. ती समजली, नीट घडी घालून परत पाठव. तू लिहिलंस घडी मोडल्याशिवाय पाठवू नकोस, तर तिला वाटलं, मावशी फार टापटिपीच्या आहेत. त्या मुलीनं तुझ्या साडीच्या घडीवर घडी बसवली, टाचण्या लावल्या, जुन्या शहरातून, चारदीवारीतून, मलमलची पिशवी शिवून आणली आणि दुसऱ्या दिवशी कुरियर केलं.

मला तिनं पत्र दाखवलं नाही की साडी दाखवली नाही. मी आज तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. मराठी घरात मराठी येत नसेल तर पत्रं उघडू नयेत, एवढं शेवटी बोलले. परीक्षित जेवणावरून उठून गेला.

आईचा नेम मी कसा विसरेन? थोरलीचं जुनं धाकटीला द्यायचं, हे तर सगळ्या घरांत होतं. पण आपली आई तुझा प्रत्येक नवा परकर, नवी साडी पहिला दिवस मला नेसवायची. पुढे ती माझ्याकडे आली की मी ताईचं जुनं घालते असं मला म्हणताच येऊ नये, कारण पहिल्यांदा ती माझ्याच अंगावर चढलेली असायची. तुझ्या लग्नातल्या करड्या साडीत मी दिवसभर पाय अडखळून पडत होते.

आता असं कर. देवळात चौकशी कर, साडी मिळते का. नसेल तर दुकानाचं नाव कळव. अगदी तीच, तोच रंग, तोच काठ मी मागवते, घडी मोडते आणि घेऊन येते. पैशाचा विचार करू नकोस.

उत्तर लगेच दे. रागावलेली असशील तरी दे, रागाचंही चालेल.

तुझी,
इंदू


जयपूर
११ एप्रिल २०२५

आदरणीय मावशी,
सा. न.

मी तनया. माझी मराठी अच्छी नाही, मतलब बोलायला ठीक आहे, लिहायला नाही. चूक झाली तर माफ करा. मम्मीजींना माहीत नाही मी लिहिते आहे.

तुमची साडी मी परत पाठवली. गलती माझी आहे. मला वाटलं घडी मोडणं म्हणजे घडी घालणं. मी तीन वेळा घडी घातली कारण सिल्क घसरत होती. मला वाटलं, तुम्ही मम्मीजींना फक्त दाखवायला पाठवली आहे. इतकी सुंदर होती की मी स्वतः माझ्या गालाला लावून बघितली. सॉरी.

मी मम्मीजींना तुमचं पत्र वाचून दाखवत होते. मी अटकत अटकत वाचते, तर रजईपर्यंत आले आणि त्या म्हणाल्या की बस कर, डोकं दुखतं, मावशीला काय पाहिजे तेवढं सांग. मी सांगितलं की साडी आहे, मोडून वापस पाठवायची आहे. त्या म्हणाल्या, म्हणते तसं कर. मी साडी त्यांच्या पलंगावर आणली आणि म्हटलं, बघता येत नाही तर हात लावून बघा, खूप मऊ आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, “नको, डांबरगोळ्यांचा वास येत असेल.” मला वास आला नव्हता. पण त्यांना दुखत होतं म्हणून मी जिद्द केली नाही. मला करायला पाहिजे होती.

मम्मीजी कालपासून जेवत नाहीत नीट. तुम्ही त्यांच्यावर नाराज होऊ नका, माझ्यावर व्हा.

मी आता मराठी शिकते आहे. तुम्ही पत्र लिहाल तर अक्षर मोठं काढा, प्लीज.

तुमची,
तनया


कोल्हापूर
दि. २४ एप्रिल २०२५

चि. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी तनयाचंही मिळालं. तिला मोठ्या अक्षरात वेगळं उत्तर लिहिलं आहे. पोर गुणी आहे. अक्षर हिंदी वळणाचं असलं तरी मन स्वच्छ आहे, काही लपवून लिहीत नाही. तिला बोलू नकोस.

तिनं सगळं लिहिलं आहे, इंदू. कुठपर्यंत वाचलं आणि कुठे थांबवलंस, ते. तुझं ते डांबरगोळ्यांचं वाक्यही आहे. तिनं चहाडी म्हणून लिहिलेलं नाही, तिला ते कळलेलंच नाही.

मला राग नाही. तुझा डोळा बांधलेला होता, दुखत होतं. आणि वास यावा अशी ट्रंक मी पन्नास वर्षं बाळगलीच की. चूक तुझ्या एकटीची कशी म्हणू.

देवळात चौकशी केली नाही. देवीला दिलेलं परत मागत नाहीत. निदान तिथे तरी कुणीतरी तिची घडी मोडली असेल.

दुसरी साडी मात्र आणू नकोस. मी मानानं किंवा रुसून म्हणत नाही. त्या मंगळवारी मला ती हवीशी वाटली होती. सकाळी उठले तेव्हाच वाटलं, आज जायचं. आता तसं वाटत नाही, आणि तू दहा साड्या आणल्यास तरी ते वाटणं त्यांच्यासोबत येणार नाही. उगाच नेसले तर तुझ्यासाठी नेसल्यासारखं होईल. मला स्वतःसाठी नेसायची होती गं.

हिरवी रजई धुऊन परत ठेवली. उन्हाळा आहे, म्हणून.

तब्येतीला जप. मनात काही धरू नकोस, मीही धरत नाही.

तुझी,
ताई


आदर्श नगर, जयपूर
दि. ३ मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं, कारण तिन्ही वेळा मी कोणावर तरी रागावलेली होते. एकदा डॉक्टरांवर, एकदा हिंदीवर आणि एकदा तुझ्यावर, की तू माझ्यावर का रागावत नाहीस.

तनयाने लिहिलं ते शब्दाशब्दाला खरं आहे. मी तुला खोटं लिहिलं. तिनं साडी माझ्या हातापाशी आणली होती. मी हात पांघरुणात घेतला. मला दुखत नव्हतं, ताई. मला कंटाळा आला होता. ती अडखळत वाचत होती आणि मला वाटलं, पुढे काय असणार, मला ठाऊक आहे. रजई एक वापरली, बाकी जपून ठेवल्या, आता माझ्यावर उपकार म्हणून ट्रंकेतली एखादी जुनी साडी. तुझं पत्र मी ऐकण्याआधीच माझ्या मनात वाचून टाकलं होतं. फेब्रुवारीत दिसायला लागल्यावरही ते मागितलं नाही.

तू जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलंस आणि ते माझ्या उशाशी आलं होतं.

कॉन्व्हेंटात पहिल्या दिवशी सिस्टरनी दोन शब्द शिकवले होते, थँक यू आणि सॉरी. पहिला मी सगळीकडे वापरला. दुसरा ऑफिसात नाही, घरी नाही, हे गेले तेव्हा त्यांच्या फोटोपुढेही नाही. तनयाला परवा म्हटला. तिला वाटलं, मला काही तरी हवं आहे, ती पाणी घेऊन आली. तुला म्हणते आहे. सॉरी, ताई. मराठीत याला काय म्हणायचं ते आपल्या घरात कोणी शिकवलं नाही.

साडी आणत नाही. तुझं म्हणणं मला समजलं. पण एक गोष्ट या चार दिवसांत सुचली, ती लिहिते. आईच्या नेमात तुझ्या नव्याची घडी मी मोडायची. माझं नवं आलं, कॉलेजात, नोकरीत, लग्नात, तेव्हा त्याची घडी तू कधी मोडलीस? एकदाही नाही. आईनं सांगितलं नव्हतं, आणि मला साठ वर्षांत सुचलं नाही. माझं सगळं नवं मी एकटीनंच नेसले.

काल तनयाला घेऊन चारदीवारीत गेले. ई-रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला होता, मीही सोडवून घेतला नाही. स्वतःसाठी एक लहरिया घेतला, इथली रंगवलेली साडी. निळा आहे, वर बारीक तिरके पट्टे. तो या पत्रासोबत पाठवते आहे. माझा आहे, तुला भेट नाही, परत हवा आहे. घडी तू मोड. तुला वाटलं तरच मोड. तशीच परत आलीस तर मला कळेल आणि मी काही विचारणार नाही.

वाचून बघ, चुकून परत आलीस लिहिलं, आली असं लिहायचं होतं. खोडत नाही.

वाट बघते आहे.

तुझी,
इंदू


कोल्हापूर
दि. १५ मे २०२५

चि. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहरिया मिळाला. आज गुरुवार आहे. सकाळी आंघोळ करून नेसले.

फार हलका आहे, अंगावर असल्यासारखा वाटत नाही. सूनबाई दोनदा स्वयंपाकघरातून डोकावून गेली. स्वप्नीलनं विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर मी भाजी आणायला गेले, देवळात गेले, दुपारी त्यातच आडवी झाले. त्यामुळे चुरगळला आहे. निऱ्यांवर आमटीचा एक शिंतोडा उडाला, तो पुसला पण पुरता गेला नाही. इस्त्री न करता तसाच पाठवते आहे.

संध्याकाळी आरशासमोर थोडा वेळ उभी राहिले. निळा मला बरा दिसतो, असं माझं मत झालं. डाळिंबी कसा दिसला असता, ते काही आता कळायचं नाही.

तनयाला सांग, पत्र वाचून दाखवताना सावकाश वाच. आणि तू ऐक.

तुझी,
ताई